वाऱ्याची बाजू

पुंता अरेनासमध्ये वारा विचारून येत नाही.
नगरपालिका कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधते,
माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात,
आणि त्यात कुणालाच काही वाटत नाही.

खेकड्यांच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं काढली,
बर्फात कोपरापर्यंत हात.
आता फ्रिजची मूठ धरली
तरी बोटांत सुया उतरतात.
नळाचं पाणी घशात काच होतं.
डॉक्टर म्हणाले, अपेक्षित आहे.
छापील कागदावरही तेच होतं, चौथ्या ओळीत.

यास्नाने तो कागद पाहिलाच नाही.
शेजारच्या खुर्चीतून, नळी लावलेल्या हाताने
नवऱ्याची टोपी कानांवर ओढत म्हणाली:
फ्रिजच्या दाराला लोकरी मोजा अडकव.
घरी गेल्या गेल्या, बूट काढायच्या आधी.
चमचा लाकडी घे,
नाहीतर सूपसुद्धा जुन्या नाण्यासारखं लागेल.
आणि रडायचं तर रस्त्यात नको,
या वाऱ्यात अश्रू गालावरच गार होतो, झोंबतो.
घरी जाऊन रड. शेगडीपाशी.

तिची ती नववी फेरी. माझी दुसरी.

समोर नोल्बेर्तो, मेंढ्या कातरणारा.
दिवसाला दीडशे, असं तो सांगे;
यास्ना म्हणे, गेल्या मंगळवारी एकशेवीस होत्या.
आता त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही,
बोटं कुठे संपतात
ते डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं.
जाकिटाच्या चेनला त्याने मासेमारीच्या दोऱ्याचा फास केला,
मलाही एक करून दिला, दातांनी गाठ आवळून.
"मेंढीला कधी विचारलंच नाही," टक्कल चोळत म्हणाला,
"की बाई, नंतर थंडी वाजते का."

इकडे माते हा कडू चहा एकाच भांड्यातून,
एकाच नळीने, या ओठावरून त्या ओठावर फिरतो.
ते आम्हाला बंद.
मग तिघांची तीन भांडी, तीन नळ्या.
पण ओतायची यास्नाच, एका थर्मासमधून,
आणि पाळी मोडू द्यायची नाही:
आधी नोल्बेर्तो, मग मी, शेवटी ती.
आपापलंच प्यायचं,
तरी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं.

बाराव्या फेरीला ती सुटली.
केक आणला होता. चव कुणालाच लागली नाही, तिलाही.
त्यानंतर फोन नाही.
मी तीनदा केला. चौथ्यांदा केला नाही,
तिच्या नावाने दात मात्र खाल्ले,
तोंडातल्या फोडांसकट.
नोल्बेर्तो एवढंच म्हणाला,
"सुटलेली मेंढी कुंपणाशी परत येत नाही गं."
थर्मास आता मी नेते.

फेब्रुवारीत ती मासळीच्या ठेल्यावर दिसली.
केस बोटभर, पिल्लासारखे मऊ.
उघड्या हाताने
बर्फातला मासा उलटापालटा करत होती.
मी हाक मारली. वळली, हसायला लागली,
आणि हसू मध्येच थांबलं.

माझे हात.
वॉर्डातल्या त्या निळ्या जंतुनाशकाचा वास,
जो मला आता येतही नाही.
तिने ठेल्याची कड धरली,
चेहरा पांढरा, घसा दोनदा वरखाली.

पाठ चोळायला पुढे झाले नाही.
मळमळताना कुणी जवळ नको असतं,
हे तिनेच शिकवलेलं.
ठेल्याला वळसा घालून
पलीकडे गेले, आठ-दहा पावलं,
जिथे वारा तिच्याकडून माझ्याकडे येतो.

तिथून ओरडले: नखं आली का?
शब्द वारा मागे ओढत होता, पुन्हा ओरडले.
"अंगठ्याचं राहिलंय!" तिने अंगठा उंच धरून दाखवला.
मासेवाला दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला,
हातातला मासा तसाच.
"आणि नोल्बेर्तो?"
ओठांभोवती मोज्यांचे हात धरून मी सांगितलं,
दोनदा सांगावं लागलं:
"एकशेऐंशी झाल्या!"